जुने स्पीकर: घरी उघडायचे की कारागिराकडे न्यायचे?

वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेली स्पीकरची जोडी खाली काढली, समोरची जाळी उतरवली आणि कोनाच्या, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या शंकूच्या, कडेच्या काळ्या फोमला बोट लावलं, तर फोम एकतर काकवीसारखा बोटाला चिकटतो नाहीतर भुगा होऊन खाली पडतो. स्पीकर वापरला नाही म्हणून तो टिकला असेल, हा समज इथेच संपतो. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतला ओलावा त्याला आतून तोडत जातो. वाजवा वा न वाजवा, पंधरा-वीस वर्षांत त्याचं आयुष्य सरतं. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत तो आणखी लवकर जातो. रबराची किंवा डोप, म्हणजे चिकट लेप, लावलेल्या कापडाची कडा मात्र याच वयात अनेकदा धडधाकट सापडते.

स्वतः करायचं की दुसऱ्याला द्यायचं, हे बिघाड कुठे आहे त्यावर ठरतं. हाताला सफाई आहे की नाही, हा नंतरचा प्रश्न. त्यामुळे आधी चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. स्पीकर कारागिराकडे द्यायचा असला तरी घ्या.

८ ओहमच्या युनिटच्या, म्हणजे पेटीतल्या एकेका सुट्या स्पीकरच्या, टोकांवर साधारण साडेपाच ते सात ओहम दिसायला हवेत, ४ ओहमच्या युनिटवर तीन-साडेतीन. मोजताना युनिटची एक तार सोडवून ठेवा, नाहीतर क्रॉसओव्हरचे, म्हणजे जाड आणि बारीक स्वर वेगळे करून युनिटांना वाटणाऱ्या सर्किटचे, भागही मोजले जातात. मीटरवर काहीच आलं नाही तर कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारं तारेचं गुंडाळं, जळाली असा निष्कर्ष लगेच काढू नका. टर्मिनलपासून कोनापर्यंत जाणारी विणलेली लवचिक तार वर्षानुवर्षं हलून तुटते. कोनावर ही तार जिथे सोल्डरच्या डागाने जोडलेली असते तिथे मीटर लावून पाहा. तिथे आकडा आला तर काम फक्त तार बदलण्याचं. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समान पसरून तो हलकेच आत दाबा. खर्र असा आवाज आला तर कॉइल घासते आहे. कोन मोकळा हलतो, ओहम बरोबर आहेत आणि तरी ट्वीटर (बारीक स्वरांचं छोटं युनिट) मुका, तर संशय क्रॉसओव्हरवर. पाठीमागे आवाज कमी-जास्त करायचं बटण असेल तर ते आधी फिरवून पाहा. ए.आर. ३ए सारख्या जुन्या अमेरिकन स्पीकरमध्ये त्या बटणामागचा पॉट, म्हणजे कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, गंजून ट्वीटर बंद पडणं ही नेहमीचीच गोष्ट आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बरेचदा भागतं.

फोमची कडा

हे काम घरी करण्याजोगं आहे, आणि कित्येकदा घरीच जास्त चांगलं होतं. कारण कारागिराला फोम बदलता येत नाही असं नाही. पण गल्लीतल्या बहुतेक कारागिरांचा हात मंडपाच्या भोंग्यांवर आणि पी.ए. (सभा-समारंभाच्या ध्वनिव्यवस्थेच्या) युनिटवर बसलेला असतो. तिथे मजबुतीला किंमत आहे. ते फोमच्या जागी कडक कापडाची कडा लावतात किंवा अख्खा कोनच बदलतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बंद पेटीच्या स्पीकरमध्ये वूफरची, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या युनिटची, कडा मुद्दाम सैल ठेवलेली असते आणि कोनाला परत जागेवर आणायचं काम पेटीतली कोंडलेली हवा करते. अशा वूफरला कडक कडा लावली की त्याची मूळ कंपनसंख्या वर चढते, खालचा बास निघून जातो आणि स्पीकर ‘दुरुस्त’ होऊनही पोकळ वाजतो. मग दोष अॅम्प्लिफायरला दिला जातो.

घरी करताना सगळ्यात जास्त चुका मापात होतात. ‘आठ इंची फोम’ एवढं सांगून मागवू नका. चार मापं घ्या: उघड्या कोनाचा व्यास, फोमच्या वळीची, म्हणजे गोलाकार उंचवट्याची, आतली कड, वळीची बाहेरची कड आणि चेसिसवर, म्हणजे युनिटच्या धातूच्या चौकटीवर, चिकटणाऱ्या पट्टीचा बाहेरचा व्यास. फोमची आतली पट्टी सपाट होती की कोनाच्या उतारानुसार तिरकी, आणि ती कोनाच्या पुढून चिकटवलेली होती की मागून, हे जुना फोम खरवडण्याआधी लिहून ठेवा, फोटो काढा.

जुना फोम बोटाने आणि कापसाच्या काडीने निघतो. चेसिसवरचा चिवट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून पातीने खरवडायचा. कागदी कोनावर अल्कोहोल जेमतेम ओलं करण्यापुरतं लावा. प्लॅस्टिकच्या कोनाजवळ थिनर नेऊच नका. वूफर पेटीतून काढताना कोनावर पुठ्ठा ठेवा. मागच्या चुंबकाने स्क्रूड्रायव्हर असा काही ओढला जातो की तो थेट कोनातून आरपार जातो.

पुढचं काम कॉइल मध्यावर ठेवायचं. मधली कागदी टोपी, म्हणजे डस्ट कॅप, धारदार पातीने कडेकडेने कापून थोडी जोडलेलीच ठेवा आणि उचलून बाजूला करा. आत कॉइल आणि मधला लोखंडी खांब यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही दशांशांची असते. जुन्या एक्स-रे फिल्मच्या बोटभर लांबीच्या चार पट्ट्या कापून चारही बाजूंनी त्या फटीत सरकवा. एक्स-रे फिल्म जाड पडली तर झेरॉक्सवाल्याकडची पारदर्शक शीट चालते. पट्ट्या ढिल्या राहिल्या तर त्यांचा उपयोग नाही, कोंबाव्या लागल्या तर कॉइलचं गुंडाळं सुटतं.

कागदी कोनाला वाळल्यावर लवचिक राहणारा पांढरा गोंद पुरतो. पॉलिप्रॉपिलीनच्या कोनाला तो धरत नाही, तिथे त्यासाठीचा वेगळा गोंद लागतो. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद कडक होतो आणि चूक सुधारायला वेळ देत नाही. रबरी काँटॅक्ट गोंदही टेकला की धरतो, सरकवता येत नाही. आधी आतली कड कोनाला, एक दिवस वाळू द्या. मग बाहेरची कड चेसिसला. ती ओली असतानाच कोन चारही बाजूंनी दाबून खर्र होत नाही ना ते ऐका. पावसाळ्यात वाळण्याचा वेळ दुप्पट धरा. जोडीतला एकच फोम फाटला असला तरी दोन्ही बदला. दुसराही त्याच वयाचा आहे.

कॉइल, कोन आणि स्पायडर

इथे पारडं उलटं फिरतं. मीटर तारेच्या पलीकडेही कोरा राहिला, किंवा कॉइल जळून फुगली आहे आणि मध्यावर आणूनही घासते, तर काम अनुभवी हाताचं. कॉइलची उंची फटीत मिलिमीटरच्या हिशोबाने बसवावी लागते, तारेची जाडी आणि थर मूळचेच ठेवावे लागतात, आणि स्पायडर, म्हणजे कोनामागची वळ्यावळ्यांची पिवळसर कापडी चकती, तेवढ्याच ताणाची मिळवावी लागते. पहिल्याच प्रयत्नात हे जमत नाही, आणि शिकण्यासाठी दुर्मिळ वूफर ही जागा नव्हे.

मात्र कारागिराला ‘कोन बदला’ असं सांगू नका. ‘मूळ कोन ठेवून फक्त कॉइल बदलता येईल का?’ असं विचारा. कोनाचं वजन आणि कागदाची जात यांतच त्या स्पीकरचा आवाज असतो; उंदराने कुरतडलेलं भोकही पातळ कागद आणि गोंदाने मागून बुजवता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेच्या आसपास चौकशी करताना ‘घरच्या हाय-फायचे वूफर करता का, की पी.ए.चेच?’ हा प्रश्न भावाच्या आधी. मूळ युनिटला जुळणारा फोम किंवा कॉइल तुम्हीच मागवून दिलीत तर आणखी उत्तम. पेटी नेऊ नका, फक्त युनिट न्या, आणि दोन्ही न्या.

क्रॉसओव्हर

सोल्डरचा डाग लावता येत असेल तर घरी. जुने नॉन-पोलर, म्हणजे धन-ऋण टोक नसलेले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात आणि ट्वीटर मंद होतो. तितक्याच मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्टचा नवा घालायचा, दोन्ही पेट्यांत. दुकानदार पॉवर सप्लायचा, धन-ऋण खूण असलेला कपॅसिटर देऊ करेल, तो नको. फिल्म कपॅसिटर घातल्यावर ट्वीटर टोचायला लागला तर नवल नाही: जुन्या कपॅसिटरचा स्वतःचा थोडा रोध होता, तो गेला. नव्या कपॅसिटरच्या आधी अर्ध्या ओहमच्या आसपासचा रेझिस्टर टाकला की आवाज मूळच्या जवळ येतो. क्रॉसओव्हरमधली तारेची गुंडाळी, म्हणजे इंडक्टर, सहसा बिघडत नाहीत, त्यांना हात लावू नका.

जे उघडायचंच नाही

क्वाडचा १९५७चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर: आत काही हजार व्होल्ट असतात. यामाहा एन.एस.-१०००एम: मध्यम आणि वरच्या स्वराचे घुमट बेरिलियमचे, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक, तडकलेला घुमट झाडायचाही नाही. टॅनॉयचा ड्युअल कॉन्सेंट्रिक: वूफरच्या पोटातच ट्वीटर, दोन कॉइल एकाच अक्षावर बसवायच्या. आणि कुठल्याही अल्निको (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट मिश्रधातूच्या चुंबकाच्या) युनिटचं चुंबक सोडवू नका. सोडवलं की त्याची ताकद उतरते आणि ती परत भरायला चुंबकीकरणाचं यंत्र लागतं.

युनिट कारागिराकडून परत घेताना दुकानातच तीन गोष्टी बघा. ओहम जोडीदाराएवढे आहेत का. कोन दाबल्यावर निःशब्द हलतो का. आणि दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर टेकवा, धन टोक लाल खुणेला: दोन्ही वूफरचे कोन एकाच दिशेला उसळले पाहिजेत. बहुतेकांचे बाहेर येतात, जुन्या जे.बी.एल.चे आत जातात, म्हणून नियमाशी न ताडता जोडीशी ताडा. एक बाहेर आणि एक आत गेला तर तारा तिथेच उलटवून घ्या, नाहीतर घरी दोन्ही वूफर एकमेकांचा बास खात बसतील.