वॉरंटी संपलेला डीएसएलआर, बदललेलं शटर आणि पुढचे काही महिने

शटर बदलून घेतलेला माझा जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून रोजच्या वापरात आहे. उन्हाळा, पाऊस, थंडी सगळं त्याने पाहिलंय, त्यामुळे आता त्याबद्दल थोडं खात्रीने लिहिता येईल. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, सुरुवातीच्या श्रेणीतली, क्रॉप सेन्सरची (प्रकाश टिपणारा सेन्सर लहान आकाराचा). वॉरंटी कधीच संपलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा बिघाड कुठल्याही कंपनीच्या डीएसएलआरला होऊ शकतो.

माझा वापर थोडा वेगळा आहे. सातारा-वाई भागातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), सतीशिळा, देवळांवरची शिल्पं यांचे फोटो काढतो. किकलीच्या भैरवनाथाच्या आवारात जे वीरगळ मांडलेत, त्यातले काही इतके झिजलेत की समोरून फ्लॅश मारला तर नुसता सपाट दगड येतो. तोच फ्लॅश हातात धरून बाजूने, दगडाला जवळजवळ घासून मारला की खालची लढाई आणि वरच्या कप्प्यात शिवलिंगापुढे बसलेला वीर असं सगळं उठून येतं. यासाठी शटरचा वेग १/२०० सेकंदावर ठेवतो, आणि गडबड पहिल्यांदा तिथेच कळली. फोटोच्या एका कडेला काळी पट्टी यायला लागली.

शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा बंद करतो. बहुतेक साध्या बॉड्यांमध्ये १/२०० च्या आसपासपर्यंतच संपूर्ण सेन्सर एका क्षणी उघडा मिळतो. त्याहून वेग वाढवला की दोन पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते. पडदा थोडा जरी रेंगाळला तरी फ्लॅशच्या त्या क्षणी सेन्सरचा एक भाग झाकलेला राहतो, म्हणून पट्टी. उन्हातल्या साध्या फोटोत तेव्हा काहीच जाणवत नव्हतं. पुढे काही आठवड्यांनी आरसा वर जाऊन तिथेच अडकला, स्क्रीनवर एरर आली आणि कॅमेरा बसला. लेन्स काढून पाहिलं तर पडद्याचं एक काळं पातं तिरकं होऊन लटकत होतं.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला पुण्यात दाखवला. लोक चांगले बोलले, पावती नीट दिली. पण एस्टिमेट आलं ते शटर आणि आरशाचा सगळा डबा एकत्र बदलण्याचं, मजुरी आणि १८ टक्के जीएसटी धरून साडेतेरा हजारांच्या वर. नुसतं शटर बदलता येणार नाही का, असं विचारल्यावर ‘सिस्टीममध्ये तसा पार्ट नंबर नाही’ हे उत्तर. तशी बॉडी सेकंडहँड सोळा-सतरा हजारांत मिळत होती. नकार दिला तर तपासणीचे पैसे भरून कॅमेरा परत घ्यावा लागतो, तो घेतला. त्यांची बाजूही समजते. पूर्ण डबा बदलला की कारखान्यातली जुळणी तशीच राहते, आणि केलेल्या कामावर ते लेखी तीन महिन्यांची हमी देतात. माझ्या एका मित्राने महागडी बॉडी तिथेच दुरुस्त केली, त्याला ते परवडलं. माझ्या बॉडीच्या किमतीत ते बसत नव्हतं, एवढंच.

मग मुंबईत फोर्टला, बोरा बाजारच्या बाजूला एक काका आहेत त्यांच्याकडे गेलो. माडीवरची जेमतेम एका टेबलाची जागा. नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटलं. त्यांनी लेन्स काढून टॉर्चच्या उजेडात आत डोकावलं आणि सरळ सांगितलं, “सर, नवीन युनिट बाहेरून मागवलं तर ते ओरिजिनलच येईल याची गॅरंटी मी नाही देणार. माझ्याकडे ह्याच मॉडेलची बोर्ड गेलेली बॉडी पडलीय, तिचं शटर काढून टाकतो. चालत असेल तर बसा, नसेल तर चहा पिऊन जा.” साडेसहा हजार ठरले. बिल नाही. एक महिन्याचा शब्द व्हिजिटिंग कार्डच्या मागे पेनने लिहून दिला.

बसून पाहिलं, ते फार बरं झालं. झाकण निघाल्याबरोबर पहिलं काम केलं ते फ्लॅशचा कपॅसिटर उतरवण्याचं. बॅटरी काढून ठेवली तरी त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज राहतो. घरी यूट्यूब बघून कॅमेरा उघडायला बसणाऱ्यांना झटका बसतो तो इथेच. दुसरं म्हणजे पेचकस. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू दिसायला साध्या फिलिप्ससारखे, पण खाच किंचित वेगळी. साधा पेचकस घातला की तो घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. काकांनी एका कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढून त्यावर दुहेरी टेप लावली होती. जो स्क्रू जिथून निघेल तो आकृतीत त्याच जागी चिकटवायचा. लांबी वेगळी असलेला स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर खालची फ्लेक्स केबल (पातळ पट्टीसारखी वायर) फाटते, असं ते काम करता करताच म्हणाले.

आता दुरुस्तीनंतरचं. दुकानातून निघताना फोटो निघाला म्हणजे काम झालं असं समजू नका. मी तिथेच पांढऱ्या भिंतीवर १/४००० ला फोटो काढून पाहिले. पडद्यांचा वेग जुळलेला नसेल तर एका बाजूला भिंत काळवंडलेली दिसते. माझ्यात ती एकसारखी आली. लाइटची लुकलुक यात घोळ घालते, म्हणून ही चाचणी खिडकीच्या उजेडात घ्यायची, ट्यूबलाइटखाली नाही. मग फ्लॅश लावून १/२०० वर. पट्टी गेली होती.

जे दुकानात कळलं नाही ते घरी आल्यावर कळलं. व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या खिडकीतून) फोकस केलेले फोटो किंचित मऊ येत होते, फोकस विषयाच्या थोडा मागे जात होता. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढलेले, त्याच ठिकाणी लख्ख. कारण साधं आहे. व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, त्याला प्रकाश मिळतो तो आरशामार्फत. शटर बदलताना आरशाचा डबा निघतो, परत बसवताना आरसा केसभर जरी कमीजास्त टेकला तरी फोकस सरकतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये मापन थेट मुख्य सेन्सरवर होतं, म्हणून तिथे चूक नाही. महागड्या बॉड्यांत मेनूमधून हे थोडंफार दुरुस्त करता येतं, माझ्यात ती सोय नाही. परत फोर्टला गेलो. काकांनी कुरकुर न करता आरसा जिथे टेकतो तिथला बारीक खिळा छोट्या षटकोनी किल्लीने फिरवला. दर वेळी चाचणीच्या तक्त्याचा फोटो, परत किंचित फिरवणं, परत फोटो. पैसे घेतले नाहीत. दुरुस्त होऊन आलेल्या कोणत्याही डीएसएलआरवर, काम अधिकृत ठिकाणचं असो वा गल्लीतलं, ही लाइव्ह व्ह्यूशी तुलना पहिल्याच आठवड्यात करावी, म्हणजे दिलेल्या शब्दाची मुदत हातात असते.

त्यानंतर शटरने त्रास दिलेला नाही. पावसाळ्यात देवळांच्या ओल्या गाभाऱ्यांत तिवईवर दोन-दोन सेकंदांचे फोटो काढले, एप्रिलच्या उन्हात दिवसभर वापरला. आवाज मात्र बदललाय. आधी ‘खटक’ होता, आता त्यात बारीक फरफर ऐकू येते. फोटोत फरक नाही म्हणून दुर्लक्ष करतो.

शटर काउंटबद्दल (शटर किती वेळा उघडलं त्याच्या मोजणीबद्दल) एक गोष्ट, सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी महत्त्वाची. साध्या बॉड्यांचं शटर साधारण १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, कॅननच्या ५डी मार्क ४ ला तो आकडा दीड लाख आणि निकॉनच्या डी८५० ला दोन लाख आहे. ही काही मरणाची तारीख नाही, माझं त्याच्या बरंच आधी गेलं. मुद्दा असा की मोजणीचा आकडा कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर असतो, शटरमध्ये नाही. माझा कॅमेरा आजही जुनाच आकडा पुढे मोजतोय, आत शटर मात्र दुसऱ्याच बॉडीचं, ज्याचे क्लिक किती झालेत ते काकांनाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे ‘काउंट फक्त वीस हजार’ अशा जाहिरातीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

खर्च करायच्या आधी एक शोध जरूर घ्या: तुमचा बिघाड त्या मॉडेलचा कंपनीने मान्य केलेला दोष तर नाही ना? २००५ मध्ये सोनीने बनवलेले काही सीसीडी सेन्सर उष्णता आणि दमटपणात बिघडतात असं निघालं. ते अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले होते, आणि त्यांनी वॉरंटी संपलेले कॅमेरेही फुकट दुरुस्त करून दिले. निकॉन डी६०० च्या सेन्सरवर ठिपके पडायचे, त्यावर फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्यांनाही मोफत सफाई आणि शटर बदलून देण्याचं जाहीर केलं. अशी सूचना घरपोच येत नाही, कंपनीच्या साइटवर आपणच शोधावी लागते. माझ्या मॉडेलसाठी तसं काही नव्हतं.

सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे, पण शटरचा सुटा पार्ट द्यायला कंपनीला भाग पाडेल असं त्यात काही नाही. केलेल्या कामात फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मात्र त्यासाठी हातात बिल हवं. माझ्याकडे नव्हतं, ही गल्लीतल्या दुरुस्तीची खरी किंमत. काम महाग बॉडीचं असतं तर मी ही जोखीम घेतली नसती. कॅमेरा रोजीरोटीचा असेल तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा, चार पैसे जास्त गेले तरी.

राहिलेली एकच कटकट म्हणजे ग्रिपचं रबर. त्याच्याखाली स्क्रू असतात म्हणून ते सोलावं लागतं, आणि एकदा निघालेलं रबर पहिल्यासारखं बसत नाही. उन्हात गाडीत राहिलं की अंगठ्याजवळ फुगून सुटतं. सध्या पातळ दुहेरी टेपवर चाललंय. नवीन रबर ऑनलाइन काही शेकड्यांत मिळतं, फक्त मॉडेलचा नेमका क्रमांक बघून मागवा, शेजारच्या मॉडेलचं रबर दिसतं तसंच पण बसत नाही.