निबवर ‘१८के’ दिसलं म्हणून पैसे पाठवू नका

७,९८० रुपये. पेनचे ७,८०० आणि कुरिअरचे १८०. त्यात हाती आलं ते जुन्या लिव्हर-फिलर, म्हणजे बाजूची लिव्हर उचलून शाई भरायच्या, पेनचं नुसतं धड, त्यात कोंबलेली मुलामा दिलेली स्टीलची निब आणि आत कडक होऊन तडकलेली शाईची रबरी पिशवी. जाहिरातीत होतं, ‘अठरा कॅरेट सोन्याची मूळ निब, उत्तम चालू स्थिती.’ सोन्याची नाही, मूळ नाही आणि चालू तर अजिबात नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती त्या फोटोंची. चार फोटो, चारही वेगवेगळ्या कोनांतून काढलेले, आणि चारहींत चकाकी नेमकी ‘१८के’च्या शेजारी. त्या चकाकीखाली आणखी दोन अक्षरं होती : ‘जीपी’. म्हणजे गोल्ड प्लेटेड. वर सोन्याचा पातळ थर, आत स्टील. कोन बदलला की चकाकी सरकायला हवी. ती सरकत नव्हती, तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. पण विकणारा फीडपासून (निबखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) प्रेशर बारपर्यंत (लिव्हरखालची, पिशवी दाबणारी पट्टी) सगळं अचूक बोलत होता. अशा जाणकार माणसाला कोण म्हणतं, की दिवा जरा बाजूला करून फोटो काढा? या लोकांचा धंदा त्याच भिडेवर चालतो. भीड सोडा आणि म्हणाच.

लिहून दाखवण्याचा व्हिडिओही असाच. निब शाईत बुडवून काढली की फीडच्या खाचांत अडकलेल्या शाईवर चार-सहा ओळी झकास उतरतात. पेन शाई ओढतं की नाही, हे त्यातून काहीच कळत नाही. व्हिडिओ साध्या पाण्याचा मागा : निब पूर्ण बुडवून लिव्हर उचलायची, बुडबुडे यायला हवेत, लिव्हर खाली करून दहा सेकंद थांबायचं, मग पुन्हा उचलली की पाणी बाहेर पडायला हवं. पडलं नाही तर पिशवी गेली. लिव्हर उचलताना आत करकर वाजलं तर जोर लावू नका, प्रेशर बार वाकतो. नवी पिशवी शेलॅकने (लाखेच्या गोंदाने) बसवून घ्यायला आणखी ६५० रुपये गेले, ते वेगळेच.

निबच्या टोकाचा फोटो समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून हवा. टोकाला कठीण मिश्रधातूचा मणी असतो. तो झिजलेला असला की हे लोक बारीक पॉलिश पेपरवर घासून निब ‘गुळगुळीत’ करून देतात. मणी गेला की खाली मऊ सोनं असो वा स्टील, कागद ते खातच जाणार. दहापट भिंगाखाली मणी निबच्या चिरेच्या दोन्ही बाजूंच्या पात्यांवर सारखा दिसला पाहिजे.

चुंबक घरी ठेवाच. निब चिकटली तर स्टील, वादच नाही. चिकटली नाही म्हणून सोनं ठरत नाही, काही स्टेनलेस स्टीलही चिकटत नाही. १४ कॅरेटच्या अनेक निबांवर ५८५ आणि १८ कॅरेटच्या निबांवर ७५० कोरलेलं असतं. निब आणि फीड यांच्यात फट दिसली किंवा फीड एका बाजूला सरकलेलं दिसलं, तर निब बदललेली असण्याचीच शक्यता जास्त.

आणि तक्रार? ज्या साइटवर व्यवहार झाला तिचं उत्तर : वस्तू पोहोचली, व्यवहार पूर्ण. पैसे पाठवण्याच्या ॲपचं उत्तर : पैसे तुम्ही स्वतः पाठवले. पोलीस ठाण्यात विचारलं, ‘पेन मिळालं ना? मग फसवणूक कसली?’ सोन्याच्या नावाखाली स्टील विकणं ही फसवणूक नाही, तर काय आहे? बांगडी अशी विकली असती तर हाच प्रश्न विचारला असता का? भिंगातून काढलेले ‘जीपी’चे फोटो टेबलावर ठेवले, ते कुणी हातातही घेतले नाहीत. अर्ज घेतला, पोच मागितल्यावर ‘साहेब आल्यावर या’. साहेब आले तेव्हा हे सायबरचं काम. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. ७,९८० रुपये लहान कुणाला?

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि तपासणी होईपर्यंत पेनात शाई भरू नका; शाई लागली की ‘वापरलेली वस्तू’ म्हणून परतावा नाकारतात. विक्री झाली की जाहिरात गायब होते, म्हणून पैसे देण्याआधीच स्क्रीनशॉट घ्या. फोनवरचं बोलणं धरू नका. चॅटमध्ये तीन प्रश्न लेखी विचारा : निबवर कोरलेली सगळी अक्षरं कोणती, निब मूळ आहे का, पिशवी कधी बदलली. पहिल्याच प्रश्नाला ‘फोटो पाहा ना’ असं उत्तर आलं, तर पैसे पाठवू नका.