कचऱ्याच्या तक्रारींचं ऍप, पावसाळा ते दिवाळी वापरून झाल्यावर

जूनमध्ये डाउनलोड केलं, आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे पावसाळा, गणपती आणि दिवाळीची साफसफाई असे कचऱ्याचे तिन्ही सीझन बघून झालेत, त्यामुळे लिहायला हरकत नाही. ऍपचं नाव घेत नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी, पुण्यातच, कचरा उचलला नाही की सगळ्यांचे मेसेज मलाच, जणू गाडी मीच चालवतो.

तक्रार टाकायला मात्र एकदम सोपं आहे. फोटो काढा, लोकेशन आपोआप घेतं, टोकन नंबरचा मेसेज लगेच येतो. फोनवर लाइन लागायची वाट बघण्यापेक्षा हजारपट बरं.

घोळ पुढे आहे. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज येतो आणि गॅलरीतून खाली बघावं तर ढीग जागच्या जागी, वर दोन कुत्री. एकदा क्लोज करताना पुरावा म्हणून फोटो लावला होता, रस्ता झाडलेला, चकाचक, पण मागे पिवळी भिंत. आमच्या अख्ख्या गल्लीत पिवळी भिंत नाहीये हो! रीओपनचं बटण आहे पण ते थोडे दिवसच दिसतं, तेवढ्यात दाबलं नाही तर तुम्ही समाधानी असं धरतात.

आणि सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे यादीतला ‘कचरा उचलला नाही’ हा पर्याय. पुण्यात बऱ्याच भागात दारोदार कचरा घेणारे वेगळे आणि तो वाहून नेणारी गाडी वेगळी. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि या बायकांना पगार नसतो हे अजून कित्येकांना माहीतच नाही, घराघरातून मिळणारे महिन्याचे पैसे आणि सुका कचरा विकून येईल तेवढंच. त्या ढकलगाडी घेऊन फीडर पॉइंटला जातात, तिथे गाडीत कचरा रिकामा करायचा आणि मग पुढची बिल्डिंग. आता गाडीच आली नाही तर? ऍपला यातलं काही कळत नाही, तक्रार थेट ताईंच्या नावावर जाते.

आमच्याकडच्या ताई एक दिवस जिन्यातच थांबल्या. “काका, कंप्लेंट टाकली का तुम्ही? मुकादम ओरडला मला. गाडी साडेअकराला आली, माझे डबे भरलेले, तुमचं कशात घेऊ?” बरोबरच आहे ना.

तेव्हापासून ‘इतर’ निवडतो आणि स्वतः टाइप करतो, फीडर पॉइंट कुठला, गाडी किती वाजता यायला हवी, आत्ता किती वाजलेत, आणि भरलेल्या ढकलगाड्यांचा फोटो. ही तक्रार ज्याच्याकडे जायला हवी त्याच्याकडे जाते, गाडी बरेच दिवस वेळेवर आली, गणपतीत परत घसरली, मग परत टाकली.

अर्थात आमचे लोकही काही कमी नाहीत. ‘आमचाच कचरा घेत नाहीत’ म्हणून एका फ्लॅटवाल्यांनी स्वतःच तक्रार टाकली, डबा उघडून बघितला तर भाताच्या खाली डायपर. २०१६ च्या नियमांतच ओला, सुका आणि घरगुती घातक असं वेगळं करणं घरातल्यांवर टाकलं होतं, डायपर-पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा हे पुण्यात किती वर्षं सांगतायत, पण लक्ष कोण देतो. तो डबा शेवटी ताईंनाच हाताने निवडायला लागतो. अशा तक्रारीला ‘कचरा वर्गीकृत नव्हता’ म्हणून क्लोज केलं तर मी ऍपच्या बाजूने.

दिवाळीत जुन्या गाद्या आणि मोडकं कपाट न्यायची रिक्वेस्ट टाकली होती, ते मात्र सांगितलेल्या दिवशी येऊन घेऊन गेले. झकास.

सेक्रेटरी मंडळींना एक सांगतो, टोकनचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा आणि क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीची मीटिंग असते तिथे प्रिंट घेऊन जा, समोर कागद ठेवला की आरोग्य निरीक्षक गाडीचा टाइम वहीत बघून सांगतात, ऍपमध्ये कितीही टाइप केलं तरी तो मिळत नाही.

पाचपैकी तीन स्टार. क्लोज करताना त्याच जागेचा, त्याच दिवशीचा फोटो कंपल्सरी केला की चौथा देतो.