हातपंपाने ब्रेकमधली हवा काढणे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात मागच्या डाव्या चाकाचा गळका व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक दाबणारा भाग) बदलून गाडी गॅरेजमधून आणली, तेव्हा आत हवा राहिल्याने ब्रेकचे पॅडल स्पंजासारखे लागत होते आणि ताम्हिणी घाट उतरताना दोनदा मारल्याशिवाय ते धरत नव्हते. "चालवा, होईल आपोआप" हे उत्तर ऐकल्यावर मी गॅरेजचा नाद सोडला आणि अकराशे रुपयांचा व्हॅक्यूम हातपंप मागवला.

पंपाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती निपलवर (चाकाजवळच्या, हवा आणि ऑइल बाहेर काढायच्या पोकळ स्क्रूवर) बसवायच्या रबरी टोपीची, जी आठ महिन्यांत एकदाही घट्ट बसली नाही. पहिल्या दिवशी नळीतून बुडबुडे येतच राहिले, अर्धा लिटर डॉट ४ ब्रेक ऑइल बाटलीत गेले, आणि मी पंप परत पाठवण्यासाठी खोक्यात भरूनही ठेवला. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला की ही हवा ब्रेकमधली नव्हतीच. सैल केलेल्या निपलच्या आट्यांमधून पंप बाहेरचीच हवा ओढत होता. निपल पाव फेराच सैल केले आणि आट्यांभोवती सिलिकॉन ग्रीस लावले (साधे ग्रीस नको, त्याने ब्रेकचे रबर फुगते), तेव्हा बुडबुडे जवळजवळ थांबले.

त्यामुळे माझे मत थोडे बदलले आहे. जुने ऑइल उपसायला हा पंप उत्तम आहे, आणि ते दर दोन वर्षांनी उपसावेच, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषल्यावर १५५ अंश धरला जातो, आणि घाटात ऑइल उकळून वाफ झाली की पॅडल पुन्हा तसेच पोकळ लागते. मात्र चाकाशी पंप मारत बसल्यावर बॉनेटखालच्या टाकीकडे दुर्लक्ष होते. तिथली पातळी खाली गेली की हवा पुन्हा आत शिरते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

पॅडल खऱ्या अर्थाने कडक झाले ते शेवटी जुन्याच पद्धतीने. सौभाग्यवती पॅडलवर, मी मागच्या डाव्या चाकाशी, आणि "दाब, धर, सोड" असा गजर. जुन्या मास्टर सिलिंडरचे (पॅडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचे) सील त्याच्या तळाच्या खरबरीत भागावर घासून फाटू नये म्हणून पॅडलखाली लाकडी ठोकळा. रबरी टोपी मी फेकून दिली असून, तिच्या जागी औषधांच्या दुकानातून आणलेल्या सलाईनच्या नळीचा तुकडा निपलला घट्ट धरून बसला आहे.