एन१एमएम लॉगर प्लस : वेगवान लॉग, आणि प्रामाणिक लॉगसाठी बदलायच्या सेटिंग्ज

हॅम (हौशी) रेडिओच्या स्पर्धांसाठी विंडोजवर आज जी लॉगिंग, म्हणजे झालेल्या संपर्कांची नोंद ठेवणारी, सॉफ्टवेअर मिळतात, त्यांत एन१एमएम लॉगर प्लस आमच्या मते सर्वात परिपूर्ण आहे. ते फुकट आहे, रिगला, म्हणजे रेडिओ संचाला, कॅट केबलने (संगणक आणि रिग जोडणाऱ्या तारेने) जोडले की फ्रीक्वेन्सी आणि मोड आपोआप लॉगमध्ये येतात. मॅक किंवा लिनक्सवाल्यांची मात्र थेट सोय नाही. त्याच्या वेगाचे कौतुक सगळेच करतात. इथे प्रश्न वेगळा आहे: हे सॉफ्टवेअर नियमात राहायला किती मदत करते, आणि कुठे पाय घसरवते? कसोटीला घेतली आहे सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स स्पर्धा, म्हणजे जगभरातल्या हॅमशी जास्तीत जास्त संपर्क करण्याची चढाओढ. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी एसएसबी (आवाजाने), नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीडब्ल्यू (मोर्स कोडने). प्रत्येकी ४८ तास, म्हणजे आपल्या घड्याळाने शनिवारी पहाटे साडेपाच ते सोमवारी पहाटे साडेपाच.

पहिली चूक तिथेच होते. सॉफ्टवेअर यूटीसी वेळ विंडोजकडून घेते. लॅपटॉपचा टाइमझोन चुकीचा ठेवून नुसते घड्याळ जुळवले असेल, तर अख्खा लॉग तासांनी सरकतो आणि एकही क्यूएसओ (दोन हॅममधला संपर्क) समोरच्याच्या लॉगशी जुळत नाही. आदल्या रात्री टाइमझोन तपासा, घड्याळ इंटरनेटवरून सिंक करा. टूल्स मेनूतून कंट्री फाइल (कॉलसाइनवरून, म्हणजे हॅमच्या परवान्यावरच्या ओळखीवरून, देश सांगणारी) आणि मास्टर एससीपी फाइलही (ओळखीच्या कॉलसाइनची यादी) त्याच वेळी ताजी करून घ्या.

मग स्पर्धेच्या सेटअपमधला ‘असिस्टेड’ हा रकाना. टेलनेट विंडो उघडून क्लस्टर किंवा रिव्हर्स बीकन नेटवर्कचे स्पॉट, म्हणजे कोण कुठल्या फ्रीक्वेन्सीवर आहे याच्या इंटरनेटवरून येणाऱ्या सूचना, घेतले की तुम्ही असिस्टेड गटात गेलात, मग एकच स्पॉट पाहिलेला का असेना. या रकान्यात जे भराल तेच शेवटी कॅब्रिलो फाइलच्या, म्हणजे स्पर्धेला पाठवायच्या लॉगच्या, मथळ्यात उतरते. नॉन-असिस्टेड लिहून क्लस्टर वापरणे म्हणजे खोटी सही करणे. नॉन-असिस्टेड खेळायचे असेल तर टेलनेट विंडो बंद करा, तिच्यातले कनेक्शनही तोडा. चुकून स्पॉट दिसलेच तर गट बदलून असिस्टेड करा. त्यात काही कमीपणा नाही. आणि स्वतःला स्पॉट करणे किंवा कुणाला ‘मला स्पॉट कर’ सांगणे या स्पर्धेत निषिद्ध आहे, गट कोणताही असो.

चेक विंडो कामाची आहे, पण जपून. अर्धवट टाइप केलेल्या कॉलसाइनशी जुळणारे ओळखीचे कॉल ती दाखवते. सीडब्ल्यूमध्ये एस म्हणजे तीन टिंबे, एच म्हणजे चार. बी आणि ६ यांतही एकाच टिंबाचा फरक. पाइलअपमध्ये (अनेकजण एकदम बोलावत असताना) ते टिंब निसटले, चेक विंडोने एक कॉल सुचवला आणि तुम्ही तो न ऐकता घेतला, तर कॉल ‘बस्ट’ होतो, म्हणजे चुकीचा नोंदला जातो. त्याची शिक्षा कडक आहे: तो क्यूएसओ जातो, शिवाय त्याच्या गुणांच्या दुप्पट दंड. दुसऱ्या खंडातला ३ गुणांचा क्यूएसओ असेल तर एकूण ९ गुणांचा फटका. बँडमॅपवरच्या (स्पॉट फ्रीक्वेन्सीनुसार मांडणाऱ्या विंडोतल्या) स्पॉटवर क्लिक करून कॉल न ऐकता लॉग करणाऱ्यांचे नेमके हेच होते. पुन्हा विचारणारा ‘?’ एखाद्या एफ-कीवर (दाबली की तयार संदेश पाठवणारी की) ठेवा, तो वापरायला लाजू नका.

झोनचेही, म्हणजे क्यूएसओत एकमेकांना द्यायच्या जगाच्या भागाच्या आकड्याचेही, तसेच. सॉफ्टवेअर झोन आधीच भरून ठेवते. भारतासाठी बहुतेक वेळा २२ बरोबर येतो, पण अमेरिकेत ३, ४ आणि ५ असे तीन झोन आहेत आणि पूर्वेचा कॉल घेऊन पश्चिमेला राहायला गेलेले हॅम पुष्कळ. ऐकलेला आकडा भरा. चुकीच्या झोनला वेगळा दंड नसला तरी क्यूएसओ जातोच.

ईएसएम, म्हणजे एंटर दाबला की संदेश जाण्याची सोय (कंट्रोल-एम), हे या सॉफ्टवेअरचे मोठे सुख आणि शिष्टाचाराच्या दृष्टीने सर्वात मोठा धोका. रन मोडमध्ये (एकाच फ्रीक्वेन्सीवर बसून हाका मारताना) कॉलचा रकाना रिकामा असताना एंटर दाबला की लगेच सीक्यू (सर्वांना हाक) जातो. ऑल्ट-क्यू दाबून जुन्या रन फ्रीक्वेन्सीवर परत आलात आणि सवयीने एंटर मारला, तर दरम्यान तिथे येऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तुम्ही बोललात. सोडलेली फ्रीक्वेन्सी आपली राहत नाही. आधी ऐका, मग ‘क्यूआरएल?’ (फ्रीक्वेन्सी वापरात आहे का?) विचारा, चार-पाच सेकंद थांबून पुन्हा विचारा. दोनदा विचारायचे कारण असे की स्किपमुळे (लहरी जवळचा टप्पा ओलांडून दूर उतरतात, त्यामुळे) क्यूएसओतले एकच टोक तुम्हाला ऐकू येत असते. दुसरे बोलत असेल तर बँड शांतच वाटतो. मूळ एफ-कींमध्ये ‘क्यूआरएल?’ नसेल तर रिकाम्या कीवर स्वतः घाला. आणि एफ३ च्या ‘टीयू’मागे (थँक यू) स्वतःचा कॉल ठेवा, कॉल न देता मिनिटामागून मिनिटे रन करणाऱ्यासाठी बाकीच्यांचा वेळ फुकट जातो.

ड्यूपबद्दल, म्हणजे त्याच स्टेशनशी त्याच बँडवर पुन्हा होणाऱ्या क्यूएसओबद्दल, गैरसमज फार. विंडोत ‘ड्यूप’ उमटले की नवखे लोक समोरच्याला ‘आधी झालंय’ सांगून हाकलतात. घेऊन टाका. ड्यूपला दंड नाही, आणि समोरच्याने पहिल्या वेळी तुमचा कॉल चुकीचा लिहिला असेल तर हा दुसरा क्यूएसओच तुम्हाला वाचवतो. रन करताना ड्यूप घेण्याचा पर्याय मेनूत आहे, तो चालू ठेवा.

एका बाबतीत मात्र सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवता येत नाही: परवान्याची हद्द. भारतात ४० मीटर बँड ७.२०० मेगाहर्ट्‌झला संपतो, अमेरिकेचे एसएसबी ७.१२५ ते ७.३०० चालते. ७.२५० च्या स्पॉटवर क्लिक केलेत तर रिग तिथे जाऊन उभी राहते. तिथे ऐका, पाठवायचे मात्र स्प्लिटने (ऐकायची एक, पाठवायची दुसरी फ्रीक्वेन्सी ठेवून), आपल्या हद्दीतून. २० मीटरवर डायल १४.३४७ च्या वर नेऊ नका; यूएसबीचा (एसएसबीतल्या अप्पर साइडबँडचा) सिग्नल डायलच्या वर सुमारे ३ किलोहर्ट्‌झ पसरतो.

आता सर्वात चांगली आणि सर्वात कमी वापरली जाणारी सोय: एक्स-क्यूएसओ. एखादा क्यूएसओ हद्दीबाहेर झाला किंवा नियमात बसत नाही असे लक्षात आले, तर लॉगमध्ये त्यावर राइट क्लिक करून एक्स-क्यूएसओ करा. तुम्हाला गुण मिळत नाहीत, पण नोंद राहते. डिलीट केलात तर समोरच्याच्या नावावर ‘नॉट इन लॉग’ लागतो आणि तुमच्या चुकीचा दुप्पट दंड तो भरतो. परीक्षणातले आमचे निम्मे गुण या एका सोयीला.

स्पर्धा संपल्यावर टायपिंगची उघड चूक सुधारा, पण रेकॉर्डिंग ऐकून, डेटाबेस पाहून किंवा ईमेलने विचारून कॉल दुरुस्त करणे नियमाबाहेर आहे. फाइल मेनूतून कॅब्रिलो तयार करा, ती नोटपॅडमध्ये उघडून गट, पॉवर आणि असिस्टेडची ओळ डोळ्यांनी वाचा, आणि पाच दिवसांच्या आत पाठवा. पाच-पंचवीसच क्यूएसओ झाले असतील तर चेकलॉग (फक्त पडताळणीसाठीचा लॉग) म्हणून पाठवा. ज्यांनी तुम्हाला धरले त्यांचे क्यूएसओ तेवढ्याने जुळतात.