कुरिअरचा विमा: १४ महिने, तीन क्लेम

आमच्याकडे तीन व्हॅन आणि दोन बाइक आहेत. पहिली काही वर्षं फक्त गाड्यांचा विमा होता आणि त्यातच सगळं आलं असं मी धरून चाललो होतो. मग एका मोठ्या ग्राहकाने काम देण्याआधी मालाच्या विम्याचं प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा डोळे उघडले. गाडी ठोकली तर पत्रा भरून मिळतो, आतली पार्सलं नाही. शिवाय आमच्या एका बाइकच्या कागदावर वापर 'खाजगी' लिहिलेला निघाला. दुसऱ्याचा माल भाडं घेऊन नेतोय हे विमा कंपनीला कळवलेलं नसेल, तर अपघाताचा क्लेमही हातचा जाऊ शकतो. ते आधी दुरुस्त केलं.

मालाचा विमा घेताना तीन कोटेशनं आली. मी काय केलं असेल? सगळ्यात कमी हप्त्याचं उचललं. अटींची पानं चाळली, वाचली नाहीत.

तिसऱ्या महिन्यात त्याची किंमत कळली. आमचा डिलिव्हरीचा पोरगा एका इमारतीखाली व्हॅन लावून चौथ्या मजल्यावर गेला. चावी खिशात, मागचं दार ओढलेलं, पण कुलूप फिरवलेलं नव्हतं. लिफ्टने वर, सही, खाली. फार तर पाच मिनिटं. खाली आला तर तीन खोकी गायब. पोलिसांत तक्रार दिली, कंपनीला त्याच दिवशी कळवलं. नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला. बॅटरी लावून त्याने कुलपाच्या पट्टीवरून बोट फिरवलं, दाराच्या कडा पाहिल्या, फोटो काढले आणि एवढंच म्हणाला, "ओरखडा कुठेच नाही." क्लेम तिथेच संपला. पॉलिसीत स्पष्ट लिहिलं होतं: गाडी सोडून जाताना सगळी दारं कुलूपबंद हवीत, आणि चोरी फोडून झाल्याची खूण दिसली पाहिजे. ग्राहकाचे पैसे मी खिशातून भरले. राग कंपनीवर काढला, पण खरं सांगायचं तर कागद त्यांच्या बाजूने होता.

कुरिअरवाला दिवसातून साठ-सत्तर वेळा गाडीतून उतरतो. ट्रकच्या लांब फेऱ्यांसाठी लिहिलेली ही अट आपल्याला जशीच्या तशी लावली, तर विमा असून नसल्यासारखा. एजंटला पहिला प्रश्न हप्त्याचा नाही, या अटीचा विचारा.

दुसरा क्लेम साधा होता. व्हॅनला मागून धडक बसली, सात पार्सलं चेंबली. पाच आठवड्यांत पैसे आले, आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम कापून. ही वजावट प्रत्येक क्लेमला लागते, त्यामुळे किरकोळ नुकसानीसाठी क्लेम करण्यात अर्थ नसतो. तिसरा, काचेच्या वस्तूचा, नाकारला गेला: पॅकिंग अपुरं. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसमध्ये (मालाच्या विम्याच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या ठरावीक अटी), अगदी सगळ्यात व्यापक 'ए' प्रकारातही, अपुरं पॅकिंग आणि उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलंच असतं. आता माल उचलतानाच खोक्याचा फोटो काढतो. वाद निम्मे झाले.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा समजली. 'मालाचा विमा' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात मालाची किंमत मिळते. दुसऱ्यात फक्त तुमची कायदेशीर जबाबदारी जेवढी, तेवढंच, आणि ती अनेकदा वजनावर ठरते. आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतुकीच्या सीएमआर करारात ही मर्यादा किलोमागे ८.३३ एसडीआर आहे (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). २०० ग्रॅमचा मोबाइल हरवला तर हिशेब दोन एसडीआरच्याही आत. ग्राहकाला हे सांगून बघा, काय ऐकायला मिळतं ते!

किंमत कमी दाखवून हप्ता वाचवायचा मोहही मला झाला होता. व्हॅनमध्ये शंभराचा माल आणि विमा पन्नासाचा असेल, तर सरासरीच्या अटीमुळे वीसाच्या नुकसानीला दहाच मिळतात. ब्रोकरने वेळीच अडवलं म्हणून वाचलो. सणासुदीच्या गर्दीत व्हॅन दुप्पट भरते, मर्यादा तो दिवस धरून ठरवावी लागते.

नूतनीकरणाला कंपनी तीच ठेवली, अट बदलून घेतली. डिलिव्हरीच्या वेळात दार कुलूपबंद असणं पुरे, पण दार ओढताच आपोआप लागणारं कुलूप तिन्ही व्हॅनला बसवायचं. हप्ता थोडा वाढला, कुलपांचा खर्च वेगळा. रात्रीची अट मात्र हलली नाही: माल असलेली गाडी बंद आवारातच हवी. त्यामुळे व्हॅन घरी नेणं बंद झालं. दोन पोरांनी ऐकलं, तिसरा अजून रोज रात्री नऊला चावी टेबलावर आपटून जातो.