भावासाठी पालकत्व घ्यावं, की सही त्यालाच करू द्यावी?

अठरा पूर्ण झाली की आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बौद्धिक दिव्यांग मुलांच्या घरी ठाऊक असतं. अडतं ते पुढे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यायचं, की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याला धरून निर्णय त्याचाच ठेवायचा आणि आपण फक्त मदतीला राहायचं?

पालकत्वाचा कागद असला की बँकेत बहुधा कुणी अडवत नाही. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, म्हणजे लगामही आहे.

मला खटकलं ते वेगळंच. धाकटा भाऊ इथल्या टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालतो, पगार त्याचा. खात्याच्या चौकशीला गेलो तेव्हा काउंटरवरच्या साहेबांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ‘यांना पैसे कशाला लागतात?’ हे मला विचारलं. तो शेजारीच बसलेला. गड्ड्याच्या जत्रेत आईला साडी घ्यायची, हे त्याचं केव्हाच ठरलं होतं. त्याने ते सांगितलंही. तरी साहेब उत्तरासाठी माझ्याच तोंडाकडे बघत राहिले. कागद घेतला तर हे कायमचं होईल, असं वाटलं आणि माझं मन तिथेच उठलं.

आता खातं त्याच्या नावावर आहे, सही तोच करतो. वेळ लागतो, नाही असं नाही. नोटा समोर मांडून, साध्या शब्दांत, एका वेळी दोनच पर्याय ठेवायचे. दुसऱ्या दिवशी त्याने मत बदललं तर तेही धरायचं. २०१६ च्या कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: पैशाच्या ज्या व्यवहारात मदत करणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध येतो, त्यात त्याने मदतीला बसायचं नाही. म्हणून वडिलांच्या घराच्या वाटणीबद्दल त्याच्याशी मामा बोलतात, मी नाही. मदतीला कोण असावं, हे बदलायचा हक्कही त्याचाच.

सगळ्यांना हे जमेल असं म्हणवत नाही. जिथे हो-नाहीची खूणही उमगत नाही, तिथे समितीकडे अर्ज करणंच बरं. एरवी आधी २०१६ च्या कायद्यातल्या कलम १४ च्या मर्यादित पालकत्वाची चौकशी करा. ते ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीचं असतं आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. जमिनीचा एखादा व्यवहार त्यात निभावतो, बाकी सह्या त्याच्याच राहतात.